झेंडा कुणाचा, माणूस कुणाचा

माझा भाचा बोटीवर असतो असं सांगितलं की समोरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो. पगार किती, आणि कुठकुठले देश पाहिले? लग्नाचं बघणारे असतील तर तिसराही येतो, वर्षातले किती महिने घरी असतो? बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली चालते, मालक कोण, करारावर सही कुणाची, पगार थकला तर दाद कुणाकडे मागायची, हे विचारणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. सागरी धोरणाच्या बातम्या मी शेवटपर्यंत वाचते आणि तिथंही हेच होतं. बंदराची क्षमता किती टनांची, गुंतवणूक किती कोटींची, हे पहिल्या परिच्छेदात. बोटीवर राबणारा माणूस आलाच तर शेवटच्या ओळीत, रोजगाराचा आकडा म्हणून.

मी नेरूळला राहते. नोकरी झाली बेलापूरला, एका बँकेच्या शाखेत, त्यामुळे या धंद्याची जमिनीवरची बाजू मी बरीच वर्षं काउंटरमागून पाहिली. सीबीडीत सेक्टर ११ आणि १५ मधल्या इमारतींत शिपिंगची ऑफिसं खच्चून भरली आहेत. एका मजल्यावर मोठ्या कंपनीचं क्रूइंग ऑफिस, म्हणजे बोटींवर माणसं नेमणारं, काचेचं दार, आत जहाजाचं मॉडेल. खालच्या मजल्यावर दोन खोल्यांत थाटलेला एजंट, दारावर नुसता कागद चिकटवलेला. सकाळी स्टेशनकडून पोरांचे घोळके येतात. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये पासपोर्ट, सीडीसी म्हणजे नाविकाचं ओळखपुस्तक, इंडॉस नंबर हा त्याचा सरकारी नोंद क्रमांक, एसटीसीडब्ल्यूच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे घेतलेल्या कोर्सांची सर्टिफिकिटं, मेडिकल. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानची पोरं असतात, आणि आपली रत्नागिरी-रायगडची. दुपारी तीच वडापावच्या गाडीशी उभी राहून एकमेकांना विचारतात, "जॉइनिंग आयी क्या?"

बँकेत ही पोरं बापाबरोबर यायची. सोनं तारण ठेवायचं असायचं. कशासाठी म्हणून विचारलं की बाप खाली बघून सांगायचा, "पोराच्या नोकरीचे भरायचेत." पाटल्या, कानातली, एखादी जुनी मोहनमाळ. सराफ कसोटीवर घासून वजन सांगायचा आणि पोरगा तोवर बाहेर जाऊन एजंटला फोन करायचा, होतंय, आज संध्याकाळपर्यंत होतंय.

हे पैसे मुळात द्यायचेच नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ मध्ये जिनिव्हात सागरी कामगार करार मंजूर केला. तो २०१३ च्या ऑगस्टमध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. नोकरी लावून देण्याचे पैसे नाविकाकडून घ्यायचे नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेट एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. आपल्याकडे भरतीचं काम नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्यालाच करता येतं. या परवान्याला सगळे आरपीएसएल म्हणतात आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. महासंचालनालयाचं ऑफिस कांजूरमार्गला आहे, खाडीच्या पलीकडे. कायदा बेलापूरपासून एवढ्याच अंतरावर राहतो, आणि तरी दोन खोल्यांतल्या त्या टेबलापर्यंत तो पोचत नाही.

भाचा दाभोळचा. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स केला, तेव्हा आमच्याकडेच राहायला होता. कोर्स झाला, सीडीसी आली, आणि मग सगळं थांबलं. चांगल्या कंपन्या अनुभव मागतात आणि अनुभव बोटीवर चढल्याशिवाय येत नाही. पुढच्या परीक्षांना बसायचं तर समुद्रावर काढलेले महिने कागदावर दाखवावे लागतात. त्याला ही पोरं सी-टाइम म्हणतात आणि त्या एका शब्दापायी वाटेल त्या बोटीवर चढायला तयार होतात. पगार नंतर बघू, आधी सी-टाइम मिळू दे. घरी बसलेल्या मुलाला गावात रोज कुणीतरी विचारतं, अजून गेला नाहीस? शेवटी बेलापुरातल्या एका एजंटाने मार्ग सांगितला. टुरिस्ट व्हिसावर दुबईला जायचं, तिथून बोट. पैसे रोख. दादाने आंब्याची कलमं गहाण टाकून ते उभे केले.

टुरिस्ट व्हिसावर गेला म्हणजे काय झालं, तर इथल्या सरकारी नोंदीत तो नाविक म्हणून देशाबाहेर पडलाच नाही. महासंचालनालयाला तो ठाऊक नाही, नाविकांच्या नोंदी ठेवणाऱ्या शिपिंग मास्टरला ठाऊक नाही, भविष्यनिर्वाह निधीत त्याचं खातं नाही. १९६६ चा नाविक भविष्यनिर्वाह निधी कायदा आहे, परवानाधारक कंपनीने ठेवायची बँक हमी आहे, कामगार संघटनांचे करार आहेत. ही सगळी छत्री नोंदणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्यासाठी आहे. मागच्या दाराने गेलेला पोरगा त्याच देशाचा, त्याच गावचा, पण त्याच्या डोक्यावर काही नाही.

आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडलेला जुना छोटा टँकर त्याच्या वाट्याला आला. सुरुवातीचे पगार आले. मग उशिरा येऊ लागले, मग बंद झाले. मग मालकाच्या ऑफिसातला फोन कुणी उचलेना. पुरवठ्याची बोट यायची थांबली. वहिनी रोज रात्री मला फोन करायची. "वन्सं, तुमच्याशी बोलला का तो?" तो माझ्याशी बोलायचा, कारण आईशी बोलताना त्याचा आवाज टिकत नसे. "आत्या, जनरेटर दोनच तास चालवतात. डिझेल संपत आलंय. फोन चार्ज झाला तर उद्या करतो."

एकदा त्याने गॅलीचा, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराचा, फोटो पाठवला. स्टीलच्या ओट्यावर तांदळाचं अर्धं पोतं, शेजारी बादली, बादलीत एसीच्या नळीतून ठिबकलेलं पाणी साठवलेलं. पोत्याच्या अंगावर काळ्या मार्करने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. कुठल्या दिवसापर्यंत तांदूळ कुठवर खाली जायला हवा, याच्या त्या खुणा. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, मारल्या होत्या. तो श्रीलंकेचा होता आणि या सगळ्यांत त्याचं वय जास्त. वरच्या रेघांत हिशेब नीट होता. खालच्या रेघा जवळजवळ आल्या होत्या.

मग उतरून का येत नाहीत, असं आमच्याकडे सगळ्यांनी विचारलं. सोसायटीत विचारलं, नातेवाइकांनी विचारलं. याचं उत्तर मला एका कामगार संघटनेत काम केलेल्या गृहस्थांनी समजावून सांगितलं, आणि ते ऐकल्यापासून मला हा सगळा विषय वेगळा दिसायला लागला.

जहाज रिकामं सोडता येत नाही. ते वाहत जाऊन दुसऱ्यावर आदळेल, तेल सांडेल, म्हणून सुरक्षिततेपुरती किमान माणसं त्यावर असलीच पाहिजेत, आणि बदली माणूस आल्याशिवाय बंदराचे अधिकारी आहेत त्यांना सोडत नाहीत. बदली माणूस मालकाने पाठवायचा असतो. मालक तर गायब. जमिनीवर उतरायचं तर त्या देशाच्या इमिग्रेशनची परवानगी हवी, आणि तिकिटाचे पैसे कोण देणार याचं उत्तर असल्याशिवाय ती मिळत नाही. शिवाय थकलेल्या पगाराची एकमेव वसुली म्हणजे ते जहाजच. कोर्टाने ते जप्त करून विकलं तर त्यातून पगार निघतो. खाली उतरलो तर हक्क सुटेल, ही भीती नाविकाला बोटीला बांधून ठेवते. सगळे ज्या गंजलेल्या लोखंडावरून सुटायची धडपड करतात, तेच त्यांचं एकमेव तारण असतं.

याचं टोकाचं उदाहरण इजिप्तमधलं आहे. 'एमव्ही अमन' नावाचं मालवाहू जहाज २०१७ मध्ये तिथं अडकवून ठेवलं गेलं, आणि त्यावरच्या सीरियन चीफ ऑफिसरला कोर्टाने जहाजाचा कायदेशीर राखणदार नेमलं. बाकीचे हळूहळू गेले. तो एकटा उरला. जहाज वादळात किनाऱ्याजवळ सरकलं तेव्हा तो पोहून काठावर जायचा, फोन चार्ज करायचा, खायला आणायचा आणि परत पोहत जहाजावर जायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये, जवळजवळ चार वर्षांनी, तो घरी जाऊ शकला. त्याच वर्षी जानेवारीत 'एमटी इबा' नावाचा टँकर संयुक्त अरब अमिरातीत उम्म अल कुवेनच्या किनाऱ्यावर वाळूत येऊन रुतला. त्याच्या अडकलेल्या नाविकांत भारतीय होते. ही माणसं कैदी नव्हती. त्यांच्यावर कसला गुन्हा नव्हता.

सागरी कामगार करारात यावर उपाय आहे. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती २०१७ च्या जानेवारीपासून लागू आहे. मालकाने दोन महिने पगार दिला नाही, किंवा अन्नपाणी-इंधन थांबवलं, किंवा घरी पाठवण्याचा खर्च नाकारला, की नाविकाला सोडून दिलं असं धरायचं. अशा वेळी विम्यातून किंवा तत्सम हमीतून चार महिन्यांपर्यंतचा पगार, खाणंपिणं आणि परतीचा प्रवास मिळायला हवा. त्या हमीचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असलं पाहिजे. मी भाच्याला सांगितलं, भिंतीवर बघ. त्याने मेसरूमच्या बोर्डाचा फोटो पाठवला. सर्टिफिकेट होतं. मुदत संपलेली होती, आणि त्यावर जहाजाचं नाव आणि झेंड्याचा देश दोन्ही जुने होते. मधल्या काळात मालकाने दोन्ही बदलले होते.

इथं येऊन झेंड्याचा प्रश्न लागतो. जहाज ज्या देशात नोंदवलं, त्या देशाचा कायदा त्यावर चालतो. मालक कुठलाही असो, नाविक कुठलेही असोत. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं या तीन ठिकाणी जगातल्या जहाजांचा मोठा हिस्सा नोंदवलेला आहे, कारण नोंदणी सोपी आणि कर कमी. निदान त्यांच्याकडे यंत्रणा तरी आहे. खालच्या थराला असे झेंडे आहेत की ज्यांच्या नोंदणी कार्यालयाचा त्या देशाशी पत्त्यापुरताही संबंध नसतो. आपल्या पोराचा पगार, झोप, जेवण, दुखणं, मरण, हे सगळं अशा एका पत्त्यावर अवलंबून असतं.

आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ सालचा हिशेब मांडला तेव्हा वाऱ्यावर सोडलेली जहाजं ३१२ निघाली आणि त्यावरचे नाविक ३,१३३. त्यांत सर्वांत जास्त भारतीय होते, ८९९. जगातल्या नाविकांत आपले साधारण आठातले एक किंवा त्याहून थोडे कमी. सोडून दिलेल्यांत मात्र चारांतला एक आपला. ही तफावत मला विसरता येत नाही. नशीब म्हणून ती सोडून देता येणार नाही. कोर्स करून बाहेर पडणारी पोरं जास्त आणि चांगल्या बोटींवरच्या जागा कमी, यातून ती येते. सी-टाइमची भूक आणि दोन खोल्यांतलं ते टेबल यांच्या मधोमध ती तयार होते. दुरुस्त करायची असेल तर ती बेलापुरात करावी लागेल, आखातात नाही.

कोकणाला हे नवीन नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कोळसा ओढायला, डेक धुवायला रत्नागिरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली. सारंग, टंडेल, भांडारी ही त्या बोटींवरची पदं आपल्या गावांत आडनावं होऊन राहिली. त्यांच्यासाठी करारच वेगळा होता. तो एशियाटिक आर्टिकल्स म्हणून ओळखला जाई. त्यात गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार अगदीच तुटपुंजा, राहायची जागा कमी, आणि इंग्लंडच्या बंदरात नोकरी सोडायची मुभा नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर या लोकांनी संप केला, तुरुंगात गेले, आणि पगारवाढ मिळवली. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथं पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त नाविकांचं स्मारक आहे. ज्यांना थडगं नाही अशांचं. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं तर त्याहून कितीतरी जास्त. सीएसएमटीहून हार्बर लाइनची गाडी पकडणारे आम्ही सगळे त्या इमारतीच्या बाजूने रोज जातो.

दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ मध्ये याच तारखेला 'एस. एस. लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींच्या बरोबरीने उभी केलेली सिंदिया कंपनी, आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेलं जहाज. इंग्रजांच्या कंपन्यांनी भाडी पाडून तिला संपवायचा प्रयत्न केला, तरी ती टिकली. या दिवसाचा मला अभिमान आहे. स्वतःचा झेंडा असलेलं जहाज म्हणजे काय, हे त्या पिढीला कळलं होतं.

ते आजच्या धोरणाला कळलं आहे का, हे मी तपासत असते. नौवहनाचा मूळ कायदा १९५८ चा. त्याच्या जागी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्याच्या आसपास बंदरांचा, किनारी वाहतुकीचा, समुद्रमार्गे मालवाहतुकीचा असे इतर कायदेही झाले. त्याआधी २०२१ मध्ये मेरिटाइम इंडिया व्हिजन २०३० आलं, २०२३ मध्ये अमृतकाळ व्हिजन २०४७ आलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. वाढवणला ७६ हजार कोटींच्या वर खर्चाचं बंदर होतंय. या यादीतल्या जहाजबांधणीच्या योजनेचं मी मनापासून स्वागत करते, आणि तेही नाविकाच्या बाजूने. जगातल्या नाविकांत आपला वाटा एवढा मोठा, आणि जगातल्या जहाजांत आपल्या झेंड्याचा वाटा टक्काभर. म्हणजे आपण माणसं पिकवतो आणि ती दुसऱ्यांच्या कायद्याखाली पाठवतो. भारतीय झेंड्याच्या जहाजावर पगाराचे दर मालक आणि कामगार संघटना नॅशनल मेरिटाइम बोर्डात बसून ठरवतात. तंटा झाला तर कोर्ट आपलं. तिरंग्याखाली जहाजं वाढली तर भाच्यासारख्यांना हक्काची जागा वाढते. जहाजबांधणी हा कामगारांचा प्रश्न आहे, तो फक्त पोलादाचा आणि अनुदानाचा म्हणून मांडू नये.

आणि धोरण कागदावरून जमिनीवर येताना माणसाचं काय होतं, हे आम्हा नवी मुंबईकरांना कुणी सांगायला नको. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत मिळण्याचा हक्क आला. तो हक्क बंदराच्या आराखड्यात नव्हता. लोकांनी तो आराखड्यात घालायला लावला. नाविकाला हे जमत नाही, कारण तो एका ठिकाणी जमत नाही. त्याचा मोर्चा निघणार कुठून? तो मतदानाच्या दिवशीसुद्धा बहुतेक वेळा पाण्यावर असतो.

न्हावा-शेव्याला मोठी कंटेनर जहाजं लागतात ती क्रेनच्या वेगामुळे फार थोडा वेळ थांबतात. बंदराच्या कार्यक्षमतेचं ते माप, आणि ते योग्यच आहे. पण त्या थोड्या वेळात नाविकाला काय काय करायचं असतं, बघा. दोर बांधणं, कस्टम्स, तपासणी, रसद चढवणं, पुन्हा दोर सोडणं. सागरी कामगार करारात लिहिलंय की चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर. बंदरात ती फक्त नोंदवहीत मिळते. जमिनीवर पाय ठेवायची संधी तर त्याहून दुर्मीळ. न्हाव्याला प्रशिक्षण जहाज रहमानची जुनी संस्था आहे, नेरूळला पाम बीच रोडवर टी. एस. चाणक्य आहे, १९२७ च्या डफरिन जहाजापासून चालत आलेली परंपरा. अधिकारी घडवणाऱ्या संस्था आमच्या अंगणात आहेत. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर धक्क्याला लागलेल्या जहाजावरचा फिलिपिनो पोरगा उरणचा बाजार न बघता निघून जातो. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात करारात आणखी दुरुस्त्या मंजूर झाल्या, त्यांत किनाऱ्यावर उतरण्याचा हक्क भक्कम केला आहे. त्या लागू व्हायला अवकाश आहे. आपल्या बंदरांनी तोवर वाट का पाहावी? आपली पोरं परदेशात ज्या वागणुकीची अपेक्षा करतात, ती आधी आपल्या फाटकावर मिळायला हवी.

सोडून दिलेली जहाजं आपल्या पाण्यातही असतात. अटल सेतूवरून जाताना नांगरलेली जहाजं दिसतात, त्यांतली कुठली माल उतरवायच्या प्रतीक्षेत आणि कुठली कोर्टाच्या आदेशाने अडकलेली, हे वरून कळत नाही. मुंबई उच्च न्यायालय जहाज जप्त करू शकतं, मुंबईचे शेरीफ तो आदेश बजावतात. २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्यात जहाजाच्या विक्रीतून येणाऱ्या पैशांवर नाविकांच्या पगाराचा हक्क सर्वांत वर ठेवला आहे. कायद्यातली ही जागा फार चांगली आहे. अडचण वेळेची. विक्री होईपर्यंत बोटीवरच्या माणसाने काय खायचं, हे त्या कलमात येत नाही.

आणि नाविक म्हणजे कोण, हेही जरा रुंद करायला हवं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायची तरंगती बोट, बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून पावणेदोनशेहून अधिक लोकांना वाचवलं. तरी हा बार्ज आणि त्याच वादळात बुडालेली एक टग, म्हणजे ओढबोट, मिळून सत्तरहून अधिक माणसं गेली. त्यांत वेल्डर होते, फिटर होते, रंगारी होते. समुद्रावर राहायचे, समुद्रावर झोपायचे, आणि बहुतेकांकडे सीडीसी नव्हती. धोरण त्यांना कशात मोजतं? वादळाचा इशारा आल्यावर बार्ज हलवायचा की नाही, हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भाचा परत आला. आयटीएफच्या निरीक्षकाने बंदरात जाऊन पाठपुरावा केला, दूतावासाने कागद केले, इथून महासंचालनालयाला आम्ही अर्जावर अर्ज पाठवले. नोंदणीबाहेरचा असूनही तिथल्या एका अधिकाऱ्याने प्रकरण धसाला लावलं, ते नमूद केलंच पाहिजे. थकलेल्या पगारातला काही भाग मिळाला, उरलेल्यावर त्याने सही करून पाणी सोडलं. सही करेपर्यंत तिकीट मिळत नव्हतं. घरी आल्यावर कित्येक दिवस तो रात्री उठून पाण्याची टाकी भरली आहे का ते बघून यायचा. वहिनी काही बोलायची नाही, त्याच्यामागे दिवा लावून उभी राहायची. पुढे तो पुन्हा गेला, यावेळी परवान्याच्या कंपनीतून, एका मोठ्या बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर. त्याला समुद्राचा राग नाही. "बोट वाईट नव्हती गं आत्या," म्हणतो, "मालक वाईट होता." डेकवरच्या कामात तो हुशार आहे, आणि चांगल्या जहाजावर काम करताना तो खूश असतो हे त्याच्या आवाजावरून कळतं. म्हणून पोरांनी बोटीवर जाऊच नये, असं मी कधीच म्हणणार नाही.

नव्या कायद्याखालचे नियम जसजसे हरकती-सूचनांसाठी येतील, तसतशी मी लिहिणार आहे. काय लिहायचं ते वहीत काढून ठेवलंय. नोकरीचा करार विमानतळावर हातात कोंबायचा नाही, निघण्याच्या बराच आधी द्यायचा, आणि मुलाच्या भाषेत. सही करण्यापूर्वी करार वाचायची आणि सल्ला घ्यायची संधी नाविकाला मिळाली पाहिजे हे जिनिव्हाच्या करारात आहेच, आपल्या नियमात ती संधी दिवसांत मोजून लिहा. प्रशिक्षण संस्थेला जागा मंजूर करताना तिच्या किती मुलांना बोट मिळाली, हे दरवर्षी जाहीर करायला लावा. पगार थांबल्याची खात्री झाली की घरच्यांना काहीतरी रक्कम ताबडतोब द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा, कारण गावातला सावकार दोन महिने थांबत नाही. मागच्या दाराने गेलेल्यालाही यात धरा. त्याची फसवणूक झाली आहे, त्याने गुन्हा केलेला नाही.

आणि एजंट. त्याच्यावर गुन्हा दाखल करायला दाभोळच्या माणसाला नवी मुंबईत हेलपाटे घालावे लागू नयेत. २०२४ च्या जुलैपासून नव्या फौजदारी संहितेत हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्यात तक्रार घेण्याची तरतूद आहे, पण अशा प्रकरणात अजून ऐकायला मिळतं की हा पैशांच्या व्यवहाराचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा. आमच्या प्रकरणातल्या एजंटाने ऑफिस बंद केलं आणि दोन इमारती सोडून नव्या नावाने उघडलं. बाहेर तशीच पोरं, तशाच फाइली. दादाने दिलेली तक्रार आता कोर्टात गेली आहे. पावती नाही, पण भाच्याने एजंटाला पाठवलेले मेसेज आहेत, दादाच्या खात्यातून त्या आठवड्यात काढलेल्या रकमेचं स्टेटमेंट आहे, आणि त्याच एजंटाने फसवलेली आणखी दोन कुटुंबं आता साक्ष द्यायला तयार झाली आहेत, एक चिपळूणचं आणि एक बिहारमधल्या सिवानचं. सिवानच्या बापाला येण्याजाण्याचं तिकीट आम्ही काढून दिलं आहे. तो आमच्याकडे नेरूळला उतरेल, आणि पुढच्या तारखेला आम्ही सगळे बरोबरच जाऊ.